कार्बनचा आकडा मागता, तर दरात त्याला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या उद्योग पुरवणीत ‘हरित’ कंपन्यांची ओळख करून देणारी पाने वाचली. छतावरची सौर पॅनेल, आवारात रोपे लावणारे अधिकारी, अमुक सालापर्यंत ‘नेट झिरो’ (जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषून हिशेब शून्यावर) होण्याचे संकल्प, सगळे देखणे छापले आहे. पण याचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न एकाही मुलाखतीत कुणी विचारलेला दिसला नाही.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही लहान फाउंड्र्यांचे, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यांचे, हिशेब बघते. वाहनांना आणि पंपांना लागणारे ओतीव भाग इथे तयार होतात आणि पुणे-चाकणकडे जातात. हवामानबदलाबाबत बड्या कंपन्या जे काही करतात ते माझ्या टेबलावर एकाच रूपात पोहोचते, ते म्हणजे एक्सेल शीट. विजेचे युनिट किती, डिझेल किती, भट्टीत स्क्रॅप (भंगार) किती आणि पिग आयर्न (कच्चे लोखंड) किती, पाणी कुठून घेता, नेट झिरोचे वर्ष कोणते ठरवले आहे? शेवटच्या रकान्यात मालक काय लिहिणार? पुढच्या महिन्याचे शेड्यूल (मालाची मागणी) किती येणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याला २०५० चे विचारायचे!

बरे, शीट तरी एकसारखी असावी. एका कंपनीला आर्थिक वर्षाचे आकडे हवेत, दुसरीला कॅलेंडर वर्षाचे, तिसरीला थेट पार्ट नंबरप्रमाणे. भट्टीतून एक हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, निघते आणि तिचा रस चार गिऱ्हाइकांच्या साच्यांत जातो. त्यातली वीज कुणाच्या नावावर किती टाकायची? वजनावर वाटणी केली, तर पातळ भिंतीचा, नाजूक कोअरचा (आत पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा) भाग स्वस्तात सुटतो. खरे रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारलेला माल) त्याच्यातच असते आणि तो माल पुन्हा भट्टीत जातो, म्हणजे वीज दोनदा जळते. हे समजावून सांगायला फोन केला, की पलीकडून उत्तर येते, ‘मॅडम, सेल रिकामा ठेवू नका, नाहीतर सिस्टिम घेत नाही.’

हे फॉर्म का येतात हे कळते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२१ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा तपशीलवार अहवाल देण्यास सांगितले आणि २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. युरोपचा कार्बन सीमाकर (आयात मालावर त्याच्या कार्बनप्रमाणे लागणारा) ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरता होता, १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागतो. आमचा ओतीव भाग त्यात बसतो की नाही हे त्याच्या कस्टम कोडवर ठरते, पण परदेशी गिऱ्हाईक कोड बघत बसत नाही, आकडा सगळ्यांनाच मागते. मजा अशी, की पुरवठादारांची माहिती देण्याची सेबीची अट पहिल्या अडीचशे कंपन्यांपुरती, तीही खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा असणाऱ्या पुरवठादारांपुरती आहे आणि मार्च २०२५ मध्ये तर ती ऐच्छिक करून टाकली. शिरोलीतल्या लहान फाउंड्रीचा कुणा बड्या कंपनीच्या खरेदीत २ टक्के वाटा असेल, हे संभवत नाही. तरी शीट येतेच.

आकडा मागू नये असे माझे म्हणणे नाही. तो काढायलाच हवा आणि काढणे फारसे अवघडही नाही. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे नुसत्या विजेपोटी टनाला ४२० किलो. प्रश्न त्यापुढचा आहे. हा आकडा खाली आणायचा तर काय करावे लागते आणि त्यात गिऱ्हाइकाचा वाटा काय?

‘छतावर सोलर लावा’ हा सगळ्यात लाडका सल्ला. दिवसाला १० टन वितळवणाऱ्या फाउंड्रीला भट्टीसाठीच ६,००० युनिट लागतात. शेडच्या छतावर कसेबसे २०० किलोवॉट बसले, तर दिवसाला ८०० युनिट मिळतील, तेही पॅनेलवर बसणारी वाळूची आणि काजळीची पूड दर आठवड्याला धुतली तर. आणि कित्येक शेडवर अजून जुने सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांच्यावर माणूस चढवायला भीती वाटते, मग पॅनेलची गोष्टच सोडा. उरलेली वीज बाहेरून घेता येते. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी हरित वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे थेट दुसऱ्या उत्पादकाकडून, घेण्यासाठी लागणाऱ्या वीजमागणीची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, हे चांगले झाले. चार-पाच कारखान्यांनी मिळून कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापराच्या, वीजप्रकल्पात भागीदारी घ्यायचीही सोय आहे, त्यात २६ टक्के भांडवल वापरणाऱ्यांचे हवे आणि निम्म्याहून अधिक वीज त्यांनी वापरायला हवी. पण असा वीजकरार पंधरा-वीस वर्षांचा असतो. आणि ज्या गिऱ्हाइकासाठी हा करार करायचा, त्याची हमी किती? महिन्याचे शेड्यूल, तेही पंधरा तारखेला बदलणारे. वीस वर्षे बांधून घेणाऱ्याला वीस आठवड्यांचीही शाश्वती नसेल, तर बँकेचा मॅनेजर हसल्याशिवाय राहील का?

त्यात पर्चेसवाल्यांची तऱ्हा निराळी. एकाच आठवड्यात एकाच कंपनीकडून दोन मेल आलेले मी पाहिले आहेत. पहिला सस्टेनेबिलिटी विभागाचा : तुमचे कार्बन कमी करण्याचे उद्दिष्ट कळवा. दुसरा पर्चेसचा : या वर्षी रेटमध्ये अमुक टक्के ‘कॉस्ट डाउन’ द्या, नाहीतर दुसरा व्हेंडर बघतो. एका इमारतीतले हे दोन विभाग कॅन्टीनमध्ये तरी भेटत असतील की नाही, देव जाणे.

पैसे वेळेवर मिळाले असते, तरी बरीच कामे झाली असती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. २०२३-२४ पासून आयकर कायद्याप्रमाणे मुदत उलटून वर्षअखेर थकलेल्या अशा पैशांची वजावट गिऱ्हाईक कंपनीला त्या वर्षी मिळत नाही. याने थोडा फरक पडला, हे मान्य. पण नव्वद दिवसांचे येणे अजून माझ्या वह्यांत भरपूर आहे, कारण ४५ दिवसांवर अडून बसणाऱ्याची ऑर्डर गुपचूप आटते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये अशा सुधारणांच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के सवलत देणारी योजना आणली, त्यात फाउंड्री उद्योगही आहे. योजना चांगलीच आहे. तिचा लाभ घ्यायलाही पदरी खात्रीची ऑर्डर लागते.

आता एक वेगळी गोष्ट, जी कोणत्याच शीटमध्ये नसते. पूर्वी इथे भट्टी रात्रपाळीला लावायची पद्धत होती, कारण रात्रीची वीज स्वस्त. आता सौर वीज दिवसा मुबलक म्हणून सौर तासांतला दर साधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे केंद्राचे २०२३ चे नियम सांगतात. ग्रिडच्या आणि कार्बनच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण त्याचा शेडमधला अर्थ असा, की १,४०० अंशांच्या वरचा रस मे महिन्यात भर दुपारी ओतायचा. लॅडल (रस ओतायचे भांडे) धरणाऱ्याच्या अंगावर चामडी ॲप्रन, पायांत गेटर, तोंडावर शील्ड आणि डोक्यावर तापलेला पत्रा. दर दहा मिनिटांनी तो माठाकडे जातो. मीठ-साखरेचे पाणी ठेवले आहे, मोठे पंखे आहेत, पण पंखा वाळू उडवतो म्हणून साच्यांजवळ लावता येत नाही. एका मालकाने उन्हाळ्यात पहाटे भट्टी पेटवून साडेअकराला ओतणे थांबवले आणि दुपारची स्वस्त वीज सोडून दिली. हा खर्च त्याने कुणाच्या बिलात लावावा? मला तरी त्या बड्या शीटमध्ये त्यासाठी रकाना सापडला नाही.

पुराचेही तेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि तयार मालाचे ट्रक जागेवर उभे राहिले. त्यानंतर एका बड्या गिऱ्हाइकाने ‘जोखीम व्यवस्थापन’ केले. म्हणजे काय, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी पुण्याच्या बाजूला गोडाऊन घेऊन तिथे आगाऊ माल ठेवा, असे व्हेंडरला कळवले. भाडे व्हेंडरचे, अडकलेल्या मालावरचे व्याज व्हेंडरचे आणि त्यांच्या वार्षिक अहवालात मात्र ‘हवामान-सक्षम पुरवठा साखळी’.

आमचे मालक धुतल्या तांदळाचे आहेत असे कुणी समजू नये. रविवारी शेड बंद असताना आत गेलात, तर कॉम्प्रेसरच्या पाइपांतून हवा फुसफुसताना ऐकू येते. ती गळती बुजवायला कोणत्याही योजनेची वाट बघावी लागत नाही. रिजेक्शन दोन टक्क्यांनी खाली आणले, तर तेवढी वीज आणि तेवढा पैसा आपोआप वाचतो. वाळूतल्या ओलाव्याची नोंद रोज ठेवायचा कंटाळा करून नंतर वीजबिलावर ओरडणारे मी पाहिले आहेत. निम्मे काम आपल्याच गेटच्या आत आहे, हे त्यांना मी तोंडावर सांगते. उरलेल्या निम्म्याला मात्र भांडवल लागते.

आणि जगात काय चालले आहे? बीपी या तेल कंपनीने २०२० मध्ये दशकअखेर तेल-वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढवण्याचीच योजना मांडली. नेट झिरोसाठी एकत्र आलेल्या बँकांच्या जागतिक आघाडीतून मोठ्या अमेरिकी बँका आधी बाहेर पडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आघाडीच गुंडाळली गेली. वरच्या मजल्यावर संकल्प असे सैल होतात, खाली व्हेंडरच्या शीटमधले रकाने मात्र वर्षागणिक वाढतच जातात.

आपल्याकडे वेगळी वाट दाखवणारेही आहेत. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये आपल्या स्वतःच्या कार्बन उत्सर्जनाला टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली. तो हिशेब त्यांच्या घरातला आहे, पण तोच भाव फाउंड्रीच्या विजेला लावून पाहू. टनाला ४२० किलो म्हणजे सव्वाचार डॉलर, आजच्या भावाने पावणेचारशे रुपयांच्या आसपास. किलोला ३५-४० पैसे. रायझर-रनर (साच्याच्या वाटांत राहणारे जादा लोखंड) आणि रिजेक्शन धरले, तर विकल्या जाणाऱ्या मालावर किलोला साठ-सत्तर पैसे. ज्या कंपन्या आपल्या जाहिरातीत पृथ्वी वाचवतात, त्यांना किलोमागे साठ-सत्तर पैसे जड जाऊ नयेत. कार्बन खरोखर कमी करून दाखवणाऱ्या व्हेंडरला ते रेटमध्ये द्या, त्याला निदान पाच वर्षांची लेखी ऑर्डर द्या, त्या कागदावर बँक कर्ज देईल. आणि सगळ्या वाहन कंपन्यांनी मिळून एकच शीट ठरवा. त्याला तर पैसाही लागत नाही.

आपल्या पुरवणीचा पुढचा भाग येणार असे छापले आहे. तेव्हा कंपनीच्या हरित अधिकाऱ्याबरोबर तिच्या पर्चेस प्रमुखालाही मुलाखतीला बसवावे, ही विनंती. गेल्या वर्षी किती व्हेंडरना कार्बनचे फॉर्म पाठवले, त्यांपैकी किती जणांना त्यापोटी रेट वाढवून दिला आणि किती जणांचे पैसे ४५ दिवसांत दिले, हे तीन आकडे त्यांच्याकडून घ्यावेत आणि सौर पॅनेलच्या फोटोखाली छापावेत.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर