न पाहताच बाद केलेले खिंडसी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एकतीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना भूमितीचा पेपर वेगळा आणि स्मरणचित्राचा वेगळा, त्यामुळे मुलेही कंपास आणि ब्रश एकत्र आणत नसत. माझ्या नववीतल्या नातीने ते आणले. गेल्या महिन्यात शहरातल्या एका स्पर्धेत तिचे चित्र न पाहताच परत आले. ‘हे कॉम्प्युटरने काढलेलं आहे,’ एवढेच सांगितले.

चित्र रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचे. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा काठावर बसून तिने वहीत पेन्सिलने रेखाटन केले, मग घरी अकरा संध्याकाळ टॅबवर. टेकड्या म्हणजे एकात एक शिरलेले सात त्रिकोण, मागचे फिके, पुढचे गडद. सूर्याचे वर्तुळ पाण्याच्या रेषेवर चिरलेले. त्याचा खालचा अर्धा भाग वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या स्वतंत्र थरावर, पारदर्शक केलेला आणि आडव्या पट्ट्यांत कापलेला. आधी पट्ट्या सारख्या जाडीच्या होत्या, पाणी हलेना. जवळची जाड, दूरची बारीक केली आणि पाणी हलले! हे तिचे तिलाच सापडले. मी शेजारी बसून बघत होतो आणि फार आनंद झाला.

चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात आपल्या नागपुरातच चित्रकला शिकले. वडील वनखात्यात, बालपण मंडला भागातल्या जंगलात. आधी त्यांनी निसर्गचित्रे केली, पुढे बिंदू, वर्तुळ, त्रिकोण आले. पण त्या आकारांतही सूर्य, माती, पाणी राहिलेच. ज्या गावात ते शिकले तिथे एका मुलीचे त्रिकोण कोणी उघडूनही पाहू नयेत, याचे मला वाईट वाटते.

एआयची शंका रास्त आहे, ती मीही घेतो. पण ती फेडता येते. मुलाला फाइल उघडायला सांगा, लेअर एकेक करून बंद करायला लावा, कच्ची रेखाटने मागा. ज्याने काढले तो कुठली रेषा का सरकवली ते सांगतो. आयोजकांनी डिजिटल चित्रांचा वेगळा विभाग ठेवावा आणि परीक्षकांत टॅबवर काम करणारा एक तरी चित्रकार घ्यावा, ही कळकळीची विनंती.

नातीच्या फाइलमध्ये चौतीस लेअर आहेत. बघायला दहा मिनिटे पुरतील. बोलवाल तिथे आम्ही दोघे येऊ.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, धरमपेठ, नागपूर