नकाशात वाट आली, पाणी राहिले

महोदय,
औंधजवळ रामनदी मुळेला मिळते, तिथल्या काठाची पाऊलवाट काही तरुणांनी जीपीएस घेऊन, स्वतः चालून ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली आहे. २००४ साली सुरू झालेल्या या नकाशात कोणालाही भर घालता येते, म्हणून माझ्यासारख्या अडुसष्ट वर्षांच्या माणसानेही वडाजवळचा चिखलाचा टप्पा त्यात नोंदवला. (नातवाने शिकवले, हे कबूल.) पण मुळशी धरणातून विसर्ग वाढला की यातली निम्मी वाट पाण्याखाली जाते, ते नकाशात कुठेच नाही. तेवढे आधी टाकावे. आणि माउंटन बाइकवाल्यांनो, वळणावर घंटी वाजवा की! मागून आलात की गुडघ्याआधी काळीजच दगा देते.

एक रोजचा चालणारा, औंध, पुणे