बाबांच्या गाडीचं इंजिन

फोंडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी मी 'गाडीचं इंजिन बदललं' म्हटलं आणि बाबा, तुम्ही एक शब्द न बोलता फोन आईकडे दिलात. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

आधी कबुली देते. जुनं इंजिन मेलेलं नव्हतं. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडलं होतं, पण सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या असत्या तर ते उभं राहिलं असतं. मी ते केलं नाही, कारण मला ही गाडी शर्यतीत उतरवायची आहे. 'पावसात कुजतेय, तू ने' असं तुम्ही म्हणालात तेव्हाच हे माझ्या मनात होतं. तेव्हा बोलले नाही, ते माझं चुकलं.

तुमच्या मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ३७च्या आसपास अश्वशक्तीचं. त्याच्या जिवावर आपण पाच जण आणि डिकीभर सामान अनमोड घाट चढत होतो. तुम्ही दुसऱ्या गिअरवर, आईचा हात डॅशबोर्डवर, आणि वळणावर थांबून रेडिएटरला पाणी. मी गाडी ऐकायला तिथेच शिकले. आता बसवलंय ते भंगारात निघालेल्या मारुती एस्टीमचं: १२९८ सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, ८५ अश्वशक्ती. एस्टीम तुमच्या गाडीपेक्षा दोनशे किलोंहून जड. तेच इंजिन साडेसहाशे किलोंच्या ८००मध्ये बसलं की काय होतं, ते शब्दांत सांगता येत नाही. शिवाय त्याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आपल्या जुन्याचा बिडाचा. त्यामुळे एक सिलिंडर वाढूनही गाडीचं नाक वाटलं होतं तितकं जड झालं नाही.

पण खरं काम इंजिनाचं नव्हतंच, पत्र्याचं होतं. मॅट उचलली तर खाली जमीन दिसली. वाळपईच्या पावसाने फ्लोअर आणि दारांखालचे पट्टे आतून खाल्ले होते, वरून रंग मात्र शाबूत. रोल केज म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा. तो फ्लोअरला धरतो, आणि कुजक्या फ्लोअरला धरलेला पिंजरा गाडी उलटल्यावर पत्रा फाडून वर येईल. म्हणून दोन महिने आम्ही इंजिनाला हात लावला नाही. गंज कापून काढला, नवा पत्रा वेल्ड केला. आमच्या मिस्त्रींनी प्रत्येक जोड हातोडीने ठोकून पाहिला आणि दोन जोड मला पुन्हा करायला लावले.

मग इंजिन धरणारे माउंटिंग बनवले. गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट एस्टीमचेच घेतले. चौथ्या सिलिंडरला जागा हवी म्हणून रेडिएटर सरकवला. इंजेक्शनला पेट्रोल जास्त दाबाने लागतं, म्हणून टाकीत विजेचा पंप आला. सगळ्यात जास्त रात्री वायरिंगने खाल्ल्या.

आई, हे तुझ्यासाठी. गाडी पळायच्या आधी थांबायला शिकली. जुन्या १२ इंची चाकांत एस्टीमच्या मोठ्या ब्रेक डिस्क मावत नाहीत, म्हणून चाकं १३ इंची केली. पिंजरा आहे, सहा पट्ट्यांचा बेल्ट आहे, हेल्मेट आहे, हाताशी आग विझवायचा सिलिंडर आहे. उगाच मैदानात घुमवणार नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना काढूनच ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानावर आखलेल्या वाटेवरच्या वेळेच्या शर्यतीत, उतरेन.

रस्त्यावर तर ती आता चालवायचीच नाही. कंपनीने ठरवल्यापेक्षा वेगळी केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. आर.सी. तुमच्या नावावर आहे बाबा, तुम्हाला कुणी आर.टी.ओ.त बोलवावं असं मी काही करणार नाही. मैदानापर्यंत गाडी टेम्पोवर चढवूनच नेईन.

अजून एक सांगायचंय. तुम्हाला वाटलं असेल, जुनं इंजिन पोरीला कमी वाटलं. तसं नाही. फॉर्म्युला मारुतीच्या एकआसनी गाड्यांत ८००चंच इंजिन असायचं. नारायण कार्तिकेयन पहिली शर्यत श्रीपेरुंबुदूरला त्याच गाडीतून धावला, आणि २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. तुमचं इंजिन कमी नव्हतं. मला फक्त आणखी हवं होतं.

ते मी भंगारात दिलेलं नाही. रॉकेलने धुतलं, प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, भोकं बुजवली आणि लाकडी घोडीवर बसवून माझ्या खोलीत ठेवलंय. चवथीला येताना ते घेऊन येते, पडवीत कोपरा मोकळा ठेवा. सुट्टीत दोघं मिळून उघडू, रिंगा मी आणते. पाना तुमच्या हातात, मी फक्त उजेडाला बॅटरी धरेन, लहानपणी धरायची तशी.

आणि बाबा, इग्निशनचं कुलूप मी बदललेलं नाही. तुमच्या कपाटातली दुसरी चावी अजून लागते. चवथीनंतर माझ्याबरोबर फोंड्याला याल तेव्हा ती आणा, गाडी तुम्हीच सुरू करा.

तुमची,
धाकटी