सुऱ्याची माळ माझ्याकडे आहे

सांगली

प्रिय विन्या,

दिवाळीनंतर पत्र नाही, फोन नाही. हरिपूरच्या संगमावर आपलं वाजलं तेव्हा तू म्हणाला होतास, "दत्त्या, त्याला पंढरपूरला नेण्याआधी डॉक्टरकडे ने." आणि मी उसळून म्हणालो, "सुऱ्या काय वेडा आहे?" त्या एका वाक्यावर मी आठ महिने अडून बसलो. आज लिहितोय, कारण हे सुऱ्याच्या शोभावहिनीला सांगायची माझी छाती नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही.

आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर ठीक.

आषाढीला सुऱ्याला मीच नेलं. दशमीच्या रात्री शेवटची क्वार्टर घेतली, एकादशीला चंद्रभागेत बुडी मारली आणि महाराजांच्या हातून माळ घातली. मी रडलो रे. दिवसाला तीन क्वार्टर देशी पिणारा माणूस! सकाळी हात स्थिर व्हायला त्याला पहिली नाइंटी लागायची, आणि आता गळ्यात तुळस. दुपारपासूनच त्याचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजत होता. सदरा घामाने चिंब, पोटात पाणी ठरेना. मी पाठीवर हात ठेवून म्हणालो, "सोडताना होतंच असं, सोस थोडं." ते "सोस थोडं" आता मला झोपू देत नाही.

द्वादशीला पहाटे घरी फिट आली. खाटेवरून खाली पडला. त्याच्या धाकट्या भावाने कांदा हुंगवला, दातखीळ सुटली, सुऱ्या झोपला आणि आम्हीही निजलो! आप्पा तर देवऋषी आणायला निघाला होता. त्रयोदशीच्या रात्री सुऱ्या चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. चादरीवर एकही मुंगी नव्हती. चिमटीत धरायचा, माझ्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मोजा, सर." मला तो कुलकर्णी सर समजत होता. तेव्हा कुठे १०८ ला फोन केला.

कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणजे आपल्या मुलींच्या वयाची पोरगी. पहिलाच प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" धाकटा म्हणाला, "तसे घेत नाहीत हो, सणावाराला एखादी." मी त्याला बाजूला सारून खरं ते सांगितलं, रोज तीन क्वार्टर. वर अभिमानाने म्हणालो, "पण मॅडम, तीन दिवसांत थेंब नाही. माळ घातलीय."

ती म्हणाली, "म्हणूनच तर आलेत ते इथे."

मग हात चालू ठेवूनच तिने समजावलं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, म्हणून मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की तो जोर तसाच उरतो. मला आपली दहावीची रस्सीखेच आठवली. 'ब'वाल्यांनी ठरवून दोर सोडला आणि आपण सगळे उताणे. तू सगळ्यांच्या खाली, चड्डी फाटलेली, आणि तरी "जिंकलो, जिंकलो" ओरडतोयस! सुऱ्याचं अगदी तसंच झालं, विन्या, आणि त्याच्या हातातला दोर सोडायला लावणारा मी.

बोट टोचून साखर बघितली. आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. अशा पेशंटला नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणे. मग लोराझेपाम, म्हणजे मेंदू शांत करणारं औषध. फिटमध्ये डोकं आपटलं असेल म्हणून सिटी स्कॅन. कारण डोक्यात रक्त साठलं असलं तरी लोक त्याला नशाच समजतात. स्कॅन चांगला निघाला. हात मात्र गॉजने पलंगाच्या दांडीला बांधावे लागले, सलाईन उपटत होता. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, हा भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस हातचा जातो. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या नजरेखाली, गोळ्या देऊन आणि त्या हळूहळू कमी करत सोडवायची असते. हे आपल्याकडे कुणाला ठाऊक आहे? आपण शपथा घालतो, बाटल्या फोडतो, खोलीत कोंडतो.

शेजारच्या खाटेवर मोटारसायकलवरून पडलेला पोरगा, उशाशी एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, लिहायला आलेला हवालदार. पलीकडे रक्ताची उलटी झालेले एक आजोबा. त्यांची म्हातारी प्रत्येकाला सांगत होती, "पित्त झालंय." तिच्या पिशवीत धुतलेला सदरा होता, इस्त्रीचा, घरी जाताना घालायला. रात्रभर ती पिशवी मांडीवर.

चौथ्या दिवशी सुऱ्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "दत्त्या, विन्या आला नाही?"

तुझं बरोबर होतं. माळेवर माझी श्रद्धा आहे, ती राहणारच, त्यावर पुन्हा भांडू. पण आधी डॉक्टर हवा होता, आणि मी तुला हरवायच्या नादात त्याच्या जिवाशी खेळलो.

आता काम ऐक. इथले डॉक्टर म्हणतात, अंगातली दारू उतरली, पण ओढ तशीच आहे, पुढचे उपचार हवेत. तुमच्या पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासूनचं. तू जाऊन भेट, भरती कशी होते, घरच्यांनी कधी यायचं, सगळं विचार. खर्च निम्मा माझा. वहिनीला तूच फोन कर, तुझं ती ऐकते.

सिस्टरने सुऱ्याची माळ काढून घड्याळासोबत पाकिटात घालून माझ्या हातात दिली होती. शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. काल त्याने परत मागितली. मी "उद्या" म्हणालो. द्यायची का रे? परत घातली आणि पुन्हा प्यायला, तर लाजेने आमच्यासमोर यायचाच नाही, याची भीती वाटते.

तुझा,
दत्ता

ता. क. मुक्ताला बारावीला चांगले मार्क पडल्याचं आप्पाकडून कळलं. तिला शाबासकी सांग. तुझ्या बदलीचं काय झालं?