सोन्या, तुझ्या एक्सेल शीटबद्दल

प्रिय सोन्या,

जय ख्रिस्त. फोनवर मला नीट बोलता येत नाही तुला माहितीये, मी शब्द शोधेपर्यंत तुझी दुसरी मीटिंग चालू होते, म्हणून टाईप करतोय, दोन दिवस लागले, चुका असतील तर समजून घे.

त्या रविवारी जेवण झाल्यावर तू लॅपटॉप उघडून शीट दाखवलीस. मी १९८८ पासून २०२२ ला रिटायर होईपर्यंत दर महिन्याला चर्चच्या मंडळीत जो दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा, दिला तो म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकला असता, बारा टक्क्यांनी, तर आज ४१ लाख झाले असते. हिशोब बरोबर असणार, तू इंजिनिअर आहेस. (१९८८ ला आपल्या तालुक्यात एसआयपी कुणाच्या बापाला माहीत नव्हतं, पोस्टाची आरडी हीच मोठी गोष्ट, पण ते जाऊ दे.) मम्मी हसली आणि चहा ठेवायला उठली. मला हसू आलं नाही कारण तू शेवटी हळूच म्हणालास, यात माझं एज्युकेशन लोन कधीच बसलं असतं.

ते खरंय रे. तू नोकरीची पहिली पाच वर्षं हप्ते फेडलेस, मित्र गाड्या घेत होते तेव्हा तू पीएमटीने जायचास, आणि कधी बोलून दाखवलं नाहीस. त्या दिवशी बोललास ते बरं झालं.

मी तुला असं सांगणार नाही की देवाने आपल्याला दुसऱ्या वाटेने दुप्पट दिलं. ते यूट्यूबवाले उपदेशक सांगतात ना, दशमांश दे आणि आशीर्वाद मोजून घे, बायबलमधलं मलाखीचं वचन काढतात आणि खाली क्यूआर कोड. मला राग येतो त्यांचा. तसं असेल तर ती पण एसआयपीच झाली, फक्त फंड मॅनेजर वेगळा. मला काही दुप्पट मिळालं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, महागाई भत्त्याची वाट बघत दिवस काढले, नारायण वामन टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगारच सोडून दिला तसं धाडस माझ्यात नव्हतं आणि मम्मीने ते खपवूनही घेतलं नसतं. मी एवढंच केलं की एक तारखेला पगार हातात आला की किराणा, दूध, तुझी फी, काही बघायच्या आधी एक पाकीट बाजूला काढायचं. ते पाकीट बाजूला पडलं की मला कळायचं की हा पगार माझा मालक नाही. वर्षातनं बारा वेळा ते कळायला लागायचं मला, कारण मधले एकोणतीस दिवस मी विसरून जायचो.

दुसरं तू म्हणालास की पपा, श्रद्धा ठीक आहे पण देवाने डोकं दिलंय ते वापरायला, बायबलमधल्या शलमोन राजाने तर ज्ञानच मागितलं होतं. मागितलं होतं, आणि देव खूश पण झाला. पण पुढचे अध्याय वाच, एवढा ज्ञानी राजा म्हातारपणी कुठल्या कुठल्या देवांना उंचावर वेदी बांधत बसला. ज्ञान होतंच की तेव्हाही.

तुझ्या पणजीची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितलीय. आपण स्वतःला पक्के नगरी समजतो पण ती १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली पोर, आठ-नऊ वर्षांची, स्वतःच्या नावापलीकडे काही आठवत नव्हतं, मराठी पण तिथेच शिकली. मोठी झाल्यावर तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. मी अकरा वर्षांचा असताना ती गेली पण तिची बोटं मला आठवतात, बोलता बोलता हवेत अक्षरं उचलायची.

ती ज्या रमाबाईंच्या हाताखाली वाढली त्यांना भागवताचे १८ हजार श्लोक पाठ होते. १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या, तेव्हा वय वीस. डोकं म्हणशील तर असलं डोकं. पुढे १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो पण शंभर प्रश्न विचारून, वाद घालून. आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांनीच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. मी जन्मापासून ख्रिस्ती, बाप ख्रिस्ती, आजी मुक्तीची, संडेस्कूल शिकवणारा माणूस, आणि मला प्रश्न पडला की मला नक्की काय सापडलंय.

बाईंनी डोकं फेकून नाही दिलं बघ. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, ज्या बायकांना जेमतेम जोडाक्षरं वाचता येतात त्यांच्यासाठी, वर्षानुवर्षं त्यात घातली. सगळं पुस्तक छापून आलं १९२४ ला. त्या १९२२ लाच गेल्या, त्याच्या आदल्या वर्षी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तुझ्या शीटच्या भाषेत याला काय म्हणायचं मला माहीत नाही. प्रेषित पौल पण गमलिएलसारख्या मोठ्या गुरूच्या पायाशी शिकलेला, आणि फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिताना आधी आपला सगळा बायोडेटा देतो आणि मग म्हणतो ख्रिस्तापुढे हे सगळं केरकचरा. बायोडेटा नसलेल्याने हे म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं म्हणा.

तू फ्लॅट घे, बालेवाडीचा घे नाहीतर आणखी कुठला, मला आनंदच आहे. रविवारी उपासनेला जाणं बंद झालंय ते मात्र मला कळतं, मम्मीने विचारलं की तू विषय बदलतोस. त्याचंच मला वाईट वाटतं, ४१ लाखांचं नाही. शीटमध्ये कुठल्या रो मध्ये टाकणार ते?

आता एक गोष्ट जी मम्मीला पण माहीत नाही. तू २००७ ला इंजिनिअरिंगला गेलास तेव्हा मी घाबरलो. आतापर्यंत कधी घाबरलो नव्हतो तसा. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, आणि मी सात महिने पाकीट काढलंच नाही. अर्पणाच्या वेळी रिकामी मूठ झोळीत घालायचो, पाळकसाहेबांना दिसू नये म्हणून. ते आठ हजार चारशे मी एका पतसंस्थेत ठेवले, व्याज चांगलं होतं, आणि दीड वर्षात ती बुडाली. देवाने शिक्षा केली असं मी म्हणत नाही, संचालकांनी खाल्ले म्हणून बुडाली, माझ्यासारख्या शेकडो जणांचे गेले त्यात. पण त्या सात महिन्यांत रात्री मी पासबुक उशाशी घेऊन झोपायचो एवढं सांगतो.

तर तुझ्या शीटमध्ये जून ते डिसेंबर २००७ च्या रो शून्य कर. ४१ लाख थोडे कमी होतील.

नाताळला २३ लाच ये, करंज्यांना हात लागतो. आणि चार्जर विसरून गेलायस, टीव्हीच्या मागे आहे.

तुझे,
पपा