काटा कुठे होता ते आठव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी तुटक बोलते आहे. ‘विकून टाक ती बुलेट’ असं मी म्हणालो खरं. पण खंबाटकी घाट चढताना रात्री दिवा आणि इंजिन एकदम गेलं, मागे ट्रक होता, हँडल फिरवल्यावर सगळं परत आलं, हे तू हसत सांगत होतीस. मला हसू आलं नाही. गाडी तुझीच आहे. नंदू मागत होता तेव्हाही मी ती तुझ्यासाठीच ठेवली होती. त्यावर आता काही बोलत नाही, फॉल्टबद्दल लिहितो.

तुझ्या मेकॅनिकने बॅटरी बदलली, कॉइल बदलली, आता रेग्युलेटर बदलू म्हणतोय. त्याला थांबव. माणूस वाईट नसेल, पण त्याच्यासमोर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. पार्ट काढता-घालताना आसपासच्या वायरी हलतात, गाडी चार दिवस नीट चालते आणि त्याला वाटतं काम झालं. येणारा-जाणारा फॉल्ट बहुतेक वेळा जोडात सापडतो. सैल लग म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, गंजलेला अर्थ म्हणजे बॅटरीचं मायनस गाडीच्या धातूला जोडणारी वायर, वायरी जोडणाऱ्या कपलरमधली पसरलेली पिन, नाहीतर वरून धडधाकट दिसणारी आणि आत तारा तुटलेली वायर.

पहिला प्रश्न हा की एकाच वेळी काय काय गेलं? आपल्या बुलेटचा हेडलाइटही मी बॅटरीवरच करून घेतलेला आहे. म्हणजे दिवा आणि इंजिन एकदम गेलं तर दोघांच्या वाटा वेगळ्या होण्याआधीच करंट तुटला. बॅटरीची टर्मिनलं, तिचा अर्थ, मेन फ्यूज, करंट दाखवणारा अँमीटर आणि चावीचा स्विच, एवढ्यातच शोध. दिवा तसाच राहून नुसतं इंजिन अडखळत असतं, तर मी ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे सीबी पॉइंट आणि त्यांच्या जोडीच्या कंडेन्सरकडे गेलो असतो. कंडेन्सर गार असताना गुणी असतो, तापला की दगा देतो. पॉइंटचं अंतर साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतं, तेही जमलं तर बघून घे. पण तुझं दुखणं ते दिसत नाही.

अँमीटरचा काटा कुठे होता ते आठव. तुला किक शिकवली तेव्हा तू आठवीत होतीस, पाय जेमतेम पुरायचा, आणि आई ओसरीतून ओरडत होती. डिकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी लिव्हर, दाबून किक हळू खाली न्यायची, काटा डावीकडून मधोमध आला की पॉइंट उघडले, मग किक वर घेऊन एकच दणका. तू पहिल्यांदा चालू केलीस तेव्हा तात्या आतून बाहेर आले होते. काहीही न बोलता उभे राहिले आणि मग त्यांनी तुला गूळ दिला. तोच काटा इथेही बोलतो. दिव्याचा स्विच चालू, इंजिन बंद आणि काटा मधोमध शांत, म्हणजे बॅटरीकडून करंट येतच नाहीये.

आता घरी बसून करायचं काम. गाडी न्यूट्रलला चालू ठेव, दिवा लाव आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव. मानेपाशी वायरिंग दर वळणाला वाकतं, पंचवीस-तीस वर्षांत तांबं आतल्या आत तुटतं. बोटांनी वायर वाकवून बघ, तुटलेल्या जागी ती मऊ, पोकळ लागते. मग हेडलाइट खोलून आतले जोड एकेक हलव. तिथे दुसऱ्या हॉर्नसाठी कुणीतरी पिळून चिकटपट्टी लावलेला जोड होता, माझा पहिला संशय त्याच्यावर. टाकीखाली आणि सीटखाली वायर कुठे घासली आहे का तेही बघ. एका वेळी एकच गोष्ट हलव, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

मल्टीमीटरवर एकट्यावर भिस्त ठेवू नकोस. मीटर करंट जवळजवळ ओढत नाही, त्यामुळे एकाच तारेवर लटकलेल्या वायरलाही तो १२ व्होल्ट दाखवतो. त्याच वायरला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लाव, पावणेदोन अँपिअर ओढल्याबरोबर खरं बाहेर येतं. मीटर वापरायचा तर दिवा चालू ठेवून बॅटरीचं मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये धर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खोल, पॉलिश पेपरने चकचकीत घास आणि आवळ. आणि फ्यूजच्या जागी तार घालायची नाही. कुणी कितीही सांगो.

पसरणी घाटातल्या मुक्कामाच्या एसटी गाडीची गोष्ट तुला सांगितली आहे का? दिवे फक्त घाटात जायचे, डेपोत आली की सगळं ठीक. स्विच बदलला, डायनॅमो उतरवला. शेवटी मी टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर लावलेला तपासायचा बल्ब, घेऊन ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. चढावर पूर्ण वळण घेतलं की केबिनच्या पत्र्यातून जाणारी एक वायर कडेला टेकत होती. रबरी बूच निघून गेलं होतं, एवढंच. त्या दिवशी दिवे गेले तेव्हा मागच्या सीटवर बाळ घेतलेली एक बाई होती, तिने काहीच आवाज केला नाही, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. मला ती अजून आठवते. म्हणून सांगतो, रात्री घाट चढू नकोस.

हे परत आलंच. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तू इंजिनिअर आहेस, मी डेपोतला इलेक्ट्रिशियन, तुला यातलं निम्मं माहीत असेल. शिकवल्यासारखं झालं असेल तर राग मानू नकोस. तुझ्या ऑफिसातली मुलं गाडी बंद पडली की तुलाच बोलावतात, हे आईने शेजारी सगळीकडे सांगून झालं आहे. मी कुणाला सांगत नाही, पण मलाही फार बरं वाटतं.

एक वही कर. कधी गेलं, गार की तापलेली, पाऊस होता का, खड्डा होता की वळण, काटा कुठे होता. दोन-तीन नोंदी झाल्या की फॉल्ट आपोआप कोपऱ्यात येतो. तोवर येशील तेव्हा शनिवारी सकाळी निघ, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नको. परत जाताना खंबाटकीच्या बोगद्यातही दिवा लागतो हे लक्षात ठेव. नाहीतर बसने ये, गाडी राहू दे, मीच येतो पुण्याला. आईच्या गुडघ्याचं मंगळवारी दाखवायचं आहे, त्यानंतर मोकळा आहे.

तुझा,
बाबा

ता. क. माझा टेस्ट लॅम्प पार्सलने पाठवतो आहे, वायर नवी घातली आहे. चिमटा इंजिनच्या उघड्या धातूला लाव, रंगावर लावलास तर बल्ब लागणार नाही. आणि सुरुवात करण्याआधी टोक थेट बॅटरीच्या प्लसला टेकवून बल्ब चांगला आहे ना ते बघून घे.