पॉइंट टू टू घेतोयस म्हणे

प्रिय विशाल,

परवा कॉलवर तू पिस्तूल घेणार म्हणालास आणि आईनं फोनच ठेवून दिला, तेव्हापासून घरात त्या विषयावर कुणी बोललेलं नाही. मीही गप्प बसलो, कारण तुझी बाजू घेतली असती तर रात्रीचं जेवण अवघड झालं असतं. आत्ता ती कीर्तनाला गेलीये म्हणून टाइप करतोय. मी रागावलेलो नाही रे. ज्यानं नोकरी सगळी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं सांभाळणारा आर्मरर म्हणून काढली त्यानं पोराला हत्यार घेऊ नको म्हणायचं म्हणजे हलवायानं साखरेला नावं ठेवल्यासारखं. फक्त एकच विचारायचंय, घरात ते ठेवणार कुठे? बरं, ते नंतर.

अमेरिकेचं ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलास हे फार चांगलं केलंस. साध्या नोकरीच्या व्हिसावर असताना तिथं हत्यार बाळगणं म्हणजे फेडरल गुन्हा, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर, आणि कितीतरी पोरांना हे माहीतच नसतं. आता दुकानात तो हत्यार खरेदीचा 4473 नंबरचा सरकारी फॉर्म भरशील तेव्हा नीट वाचून भर. मित्रासाठी म्हणून आपल्या नावावर कधी घेऊ नको, कितीही जवळचा असू दे.

आता पिस्तुलाचं. पॉइंट टू टू, म्हणजे .22 इंची छोट्या गोळीचं, घेतोयस हे बरोबर आहे, नुसत्या कागदावर नेम मारायला 9 एमएम कशाला, झटका जास्त आणि राउंड, म्हणजे काडतुसंही, महाग. पण एक समजून घे, हा राउंड 1887 पासूनचा आहे आणि त्याची रचना तीच जुनी. पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या घडीत गोल फिरवून भरलेला असतो. एखाद्या ठिकाणी तो कमी पडला आणि पिन नेमकी तिथंच बसली की मिसफायर. त्यामुळे अधूनमधून एखादा राउंड नाही उडाला तर लगेच पिस्तुलाला शिव्या घालू नको. नाही उडाला तर नळी टारगेटकडेच धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, मग काढायचा. आणि आवाज नुसता फुस्स आला तर पुढचा राउंड अजिबात मारायचा नाही, आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी बघायची. हे मी सगळ्या रिक्रुटांना सांगायचो, तुला सांगताना मात्र लेक्चर वाटतं, सॉरी.

तू तीन नावं सांगितलीस. ती छोटी प्लास्टिक बॉडीची दिसायला छान आहे पण हलकी पिस्तुलं राउंडच्या बाबतीत नखरेल असतात, एक ब्रँड खातात, दुसरा ओकतात. ब्राउनिंगची बक मार्क चांगली, 1985 पासून चालतीये, ट्रिगर मऊ, पण पूर्ण साफ करायची तर वरचे स्क्रू किल्लीनं खोलावे लागतात. रुगर मार्क फोर माझ्या मनात भरली. मी मॅन्युअल डाउनलोड करून वाचलं, हसू नको. मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग उचलून येतो, बोल्ट हातात. याच घराण्यातली जुनी पिस्तुलं खोलल्यावर परत जोडताना भलेभले रडायचे. आणि जे सहज खोलता येतं तेच माणूस साफ करतो, हे मी हजारो रायफली हाताळून सांगतोय. पॉइंट टू टूची काजळी आणि मेण फार, साफ न केलेलं पिस्तूल कुठल्याही कंपनीचं असू दे, अडकणारच.

पण तुझ्या ऑफिसातला तो विकतोय ती मार्क फोर 2017 च्या सुरुवातीची म्हणालास ना? मग थांब. 1 जून 2017 च्या आधी बनलेल्या मार्क फोर कंपनीनंच परत बोलावल्या होत्या. सेफ्टीचा खटका धड वर नाही, धड खाली नाही अशी मधेच राहिली आणि ट्रिगर दाबला, तर तेव्हा काही होत नाही, पण नंतर सेफ्टी फायरवर सरकवताना गोळी सुटू शकते. पिस्तुलावरचा सीरियल नंबर डब्ल्यूबीआर किंवा 401 नं सुरू होत असेल तर दुरुस्ती झालीये का हे कंपनीच्या साइटवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. मी तर म्हणतो नवीन घे, वरचे पैसे मी देतो, आईला सांगू नको.

राउंड सुरुवातीला तीनचार प्रकारचे थोडे थोडे घे. सीसीआय कंपनीचे मिनी मॅग, 40 ग्रेन वजनाच्या गोळीचे, बहुतेक पिस्तुलांत चालतात. जो बिनतक्रार चालेल तोच नंतर खोक्यानं आण. मॅगझिन, म्हणजे राउंडची पेटी, भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे अडकू देऊ नको, निम्मी अडकाअडकी तिथूनच होते. कानाला मफ हवेतच, आवाज लहान वाटतो पण नळीजवळ कानाला पुरे होतो. फिनिक्सला ते बेन ॲव्हरी रेंज आहे, सरकारी, तिथंच जा, वाळवंटात डबे मांडून मारायला नको. छोटी गोळी म्हणून हसू नकोस, दीड मैल जाते.

तुझं एनसीसी कॅम्पातलं ग्रुपिंग आठवतं का? पाचही राउंड एका रुपयाखाली झाकले जातील असे. मी तो कागद ट्रंकेत ठेवलाय, आईला माहीत नाही. रायफल तुझ्यापेक्षा म्हातारी होती आणि तू मोजून श्वास सोडत होतास. तेव्हा वाटलं होतं हा फौजेत जाणार. गेला नाहीस, ठीक आहे, संगणकात गेलास, त्याचंही कौतुकच आहे, मी फक्त म्हटलं.

आईचं म्हणशील तर तिला तात्यांची छऱ्याची बंदूक आठवते. कपाटावर ठेवली की पोरांना सापडत नाही असं तात्यांना वाटायचं. तू डबे रचून चढलास. आक्काचा डोळा कसा वाचला ते तुलाही माहितीये. आणि तुझी चिंगी तर तुझ्यापेक्षा चपळ आहे, मागच्या दिवाळीत फडताळावरचे लाडू तिनं कसे काढले ते तूच दाखवलंस ना फोनवर?

म्हणून परत विचारतो, कुठे ठेवणार? टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही, गाडीत नाही, उशीखाली तर नाहीच. तुला घराच्या रक्षणाला नकोय ते, रविवारी नेम मारायला हवंय, मग भरून ठेवायचं कारणच नाही. पिस्तूल रिकामं, तिजोरीत. राउंड वेगळे, वेगळ्या कुलपात. मॅगझिन काढलं की मार्क फोर उडत नाही, पण त्या भरवशावर राहू नको, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, राउंड असेल तर आहेच. आमच्यात 'जाँच शस्त्र' म्हटलं की डोळ्यानं बघायचं आणि बोटानंही चाचपायचं. रेंजवरून आल्यावर कपडे बदलून साबणानं हात धुतल्याशिवाय चिंगीला उचलून घेऊ नको, शिशाची भुकटी असते हाताला. ती धावत येईल, रडेल, तरी नको.

झालं परत लेक्चर. सूनबाईला विचारलंस ना नक्की? तिला पण रेंजवर ने, घरात ज्याला ज्याला ते दिसणार आहे त्याला ते रिकामं कसं करायचं हे यायला हवं. रविवारी आईला तू स्वतः फोन कर, मी मधे पडणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पिस्तुलाआधी तिजोरी घे आणि मला फोटो पाठव. नंबरवाली घेतलीस तर चिंगीची जन्मतारीख ठेवू नको, तिला आता आकडे वाचता येतात.